उचंत खात्यातला उजेड

पाऊस सरला आणि ऊन चांगले तापू लागले की पाचूबंदरचा सारा नूर पालटतो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात गेलेल्या असतात. बांबूंचे मांडव उभे राहतात आणि आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून, लटकू लागतात. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो आणि घरातले एखादे म्हातारे माणूस काठी घेऊन कावळ्यांची राखण करीत बसलेले असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वसईच्या किल्ल्याला वळसा घालून तिथवर फिरायला जायची मला सवय लागली आहे. मागच्या हिवाळ्यात मला तिथे एका मांजराचा नाद लागला होता. वाळत्या मासळीपेक्षा त्याचे लक्ष उन्हाकडे अधिक. भिंतीची सावली अंगावर आली की ते उठायचे, दोन पावले सरकायचे आणि पुन्हा उन्हात अंग टाकायचे.

सुमारे १३० वर्षांपूर्वी कोपनहेगन शहरात असेच एक मांजर एका छपरावर ऊन खात पडले होते. सावली आली की तेही सरकत होते. समोरच्या खिडकीतून एक आजारी, तरुण डॉक्टर त्याच्याकडे पाहत होता. या मुक्या जनावराला उन्हातून काही मिळते, ते नेमके काय, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. त्या डॉक्टरचे नाव नील्स रायबर्ग फिन्सेन. उजेडाने रोग बरा करण्याच्या आधुनिक शास्त्राचा हा जनक.

या गृहस्थाशी माझी ओळख झाली ती माझ्या नातीमुळे. ती जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून त्या एवढ्याशा जिवाला निळ्या दिव्याखाली ठेवले. काचेपलीकडे आम्ही सारे उभे. इंजेक्शन नाही, बाटली नाही, नुसता दिवा! माझ्या पत्नीने तर डॉक्टरांना विचारलेच, की औषध केव्हा सुरू करणार? दिवा हेच औषध, असे त्यांनी समजावले. बाळाच्या कातडीत साठलेले पिवळे द्रव्य निळा उजेड झेलते, त्याचे रूप बदलते आणि मग ते शरीराबाहेर टाकता येते. दोन दिवसांत नात घरी आली. माझ्या डोक्यात मात्र तो दिवा पेटलेलाच राहिला. उजेडाला औषध म्हणून पहिल्यांदा कोणी हाती धरले, हे शोधताना फिन्सेन भेटला.

थॉरचे बंदर

फिन्सेनही बंदरावरचाच. उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची डेन्मार्कच्या अमलाखालची चिमुकली बेटे आहेत. त्यांचे मुख्य गाव तोर्सहावन. नावाचा अर्थ थॉर या देवाचे बंदर. तिथली माणसेही समुद्रावर जगणारी. त्या काळी कॉड मासा फोडून, खारवून खडकांवर वाळत घालायचे काम तिथल्या बायका करीत. फरक एवढाच, की आपल्याकडे ऊन फुकाचे आणि तिथे दुर्मीळ. डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा, त्यातही आभाळ भरलेले. त्याच डिसेंबरात, १८६० सालच्या १५ तारखेला, नील्स जन्मला.

घराणे मूळचे आइसलँडचे. वडील फेरो बेटांवर सरकारी अधिकारी होते आणि पुढे तिथले प्रशासक झाले. नील्स चार वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या स्त्रीशी दुसरे लग्न केले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला डेन्मार्कमधल्या नामांकित निवासी शाळेत घातले. तिथे त्याचे काही जमेना. मनाने चांगला पण बुद्धीने आणि उमेदीने कमी, असा शेरा मुख्याध्यापकांनी मारला. वडिलांनी त्याला तिथून काढून आइसलँडला, रेक्याविकच्या शाळेत पाठवले. तिथे तो रमला, पण हुशार विद्यार्थ्यांत कधीच गणला गेला नाही. शाळा संपली तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि १५ जणांच्या वर्गात अकरावा आला होता. ज्यांच्या घरी प्रगतिपुस्तकावरून वादळे होतात त्या आईबापांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१८८२ साली तो वैद्यकी शिकायला कोपनहेगनला गेला. तिथे वर्षभरातच त्या आजाराची चाहूल लागली, ज्याने पुढे जन्मभर त्याची पाठ सोडली नाही. हृदयावरचे आणि यकृतावरचे आवरण हळूहळू जाड, कठीण होत जाते. हृदयाला मोकळेपणाने हलता येत नाही, पोटात पाणी साठते. हे पाणी सुई घालून वारंवार काढावे लागे. त्या काळी या दुखण्यावर उपाय नव्हता. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाला आपले भविष्य वाचता येत होते.

त्याची राहण्याची खोली उत्तरेला तोंड करून होती. उन्हाची तिरीपही आत येत नसे. अंगात रक्त कमी, सदा थकवा. उन्हात बसले की जरा हुशारी वाटते, हे त्याने स्वतःवर अनुभवले. पण वैद्यकीच्या पुस्तकांत याचे कारण सापडेना. तशात ते छपरावरचे मांजर दिसले. १८९० साली तो डॉक्टर झाला आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा साहाय्यक म्हणून लागला. तीनच वर्षांत ती नोकरी त्याने सोडली. नोकरीतल्या माणसाला या निर्णयाचे वजन कळेल. शरीर पोखरलेले, १८९२ च्या अखेरीस इंगेबोर्ग या बिशपच्या मुलीशी नुकतेच लग्न झालेले, आणि हा गृहस्थ उजेडाच्या मागे लागला.

रंगांची निवड

उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सगळे रंग मिसळलेले असतात हे आपण शाळेत शिकतो. फिन्सेनने विचारले, यातला कोणता रंग शरीरावर काम करतो? त्याने गांडुळे एका पेटीत ठेवून पेटीवर एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळी काच टाकली. गांडुळे निळ्या भागातून निघून लाल भागात जाऊन बसली. म्हणजे सजीवावर परिणाम करतात ते निळे, जांभळे आणि त्यापलीकडचे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. लाल त्या मानाने निरुपद्रवी.

यातून त्याची पहिली सूचना निघाली. १८९३ साली त्याने मांडले, की देवीच्या रोग्याला लाल पडद्यांच्या खोलीत ठेवावे, म्हणजे निळे-जांभळे किरण फोडांवर पडणार नाहीत आणि व्रण कमी राहतील. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात ते करून पाहण्यात आले, सुरुवातीला गुण आल्यासारखे वाटले आणि त्याचे नाव झाले. पुढच्या अनुभवात हा उपाय टिकला नाही. त्याच्या खात्यातली ही नावेची बाजू प्रांजळपणे सांगायला हवी.

मग त्याने प्रश्न उलटा केला. निळे किरण जर एवढे प्रभावी, तर ते रोगावरच का सोडू नयेत? समोर रोगही होता. क्षयाचे जंतू फुप्फुसाऐवजी कातडीत शिरले की चेहऱ्यावर गाठी उठतात, त्या फुटतात आणि नाक, गाल, ओठ हळूहळू झडत जातात. युरोपात त्या काळी असे हजारो रोगी होते. रोगी मरत नसे, पण जगातून उठल्यासारखा होई. तोंडाला फडके बांधून फिरणे, नोकरी जाणे, लग्न मोडणे. डॉक्टर तो भाग खरवडत, डागत. रोग पुन्हा उलटे.

१८९५ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनच्या वीज कंपनीतला एक इंजिनिअर फिन्सेनकडे आला. आठ वर्षे त्याचा चेहरा या रोगाने खाल्ला होता, सगळे उपाय थकले होते. वीज कंपनीत प्रखर विद्युत दिवा आयताच होता. फिन्सेनने त्या दिव्याचा झोत भिंगांतून गोळा केला, उष्णता अडवण्यासाठी तो निळ्या पाण्यातून गाळला आणि रोज ठरावीक वेळ त्याच्या गालावर पाडला. काही महिन्यांत गाल भरून आला.

त्याआधीचा त्याचा एक साधा प्रयोग मला फार आवडतो. त्याने एकाच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवला आणि समोरून उजेड टाकला. पाच मिनिटे गेली तरी कागद काळा पडेना. मग पाळी दोन काचांमध्ये दाबून धरली, रक्त बाजूला सारले, आणि कागद काही सेकंदांत काळा पडला. उजेडाला आत जाण्यापासून अडवते ते रक्त! तेव्हापासून रोग्याच्या कातडीवर स्फटिकाची चकती दाबून धरायची आणि त्यातून उजेड सोडायचा अशी पद्धत पडली. एकेका दिव्याभोवती चार रोगी निजलेले, प्रत्येकापाशी एक परिचारिका चकती दाबून बसलेली. असे रोज तासभर, महिनोन्महिने. उजेड फिन्सेनचा खरा, पण तो रोग्यापर्यंत पोहोचला तो या मुलींच्या हातांनी.

१८९६ साली देणगीदारांच्या मदतीने फिन्सेनची प्रकाशसंस्था उभी राहिली. पुढच्या पाच वर्षांत तिथे कातडीच्या क्षयाचे आठशेच्या आसपास रोगी आले आणि बहुतेकांना गुण आला. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यात सून म्हणून गेली होती. तिने १९०० साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या रुग्णालयाला फिन्सेनचा दिवा भेट दिला. अंधारात तोंड लपवणारी माणसे पुन्हा रस्त्यावर येऊ लागली.

१९०३ साली त्याला वैद्यकातले नोबेल पारितोषिक मिळाले. ते घ्यायला स्टॉकहोमला जाण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. तो चाकांच्या खुर्चीला खिळला होता. बक्षिसातले ५० हजार क्राउन त्याने आपल्या संस्थेला देऊन टाकले. शेवटच्या वर्षांत तो स्वतःच्याच दुखण्याचा अभ्यास करीत होता. खाणे तोलून, मीठ तोडून, अंगात साठणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवीत होता, आणि त्यातून त्याचा अखेरचा निबंध झाला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी तो गेला. वय अवघे ४३.

जुळणी

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. एखादी रक्कम जमा होते, पण ती कशापोटी आली याचा उलगडा होत नाही. रक्कम खोटी नसते. अशी नोंद आम्ही उचंत खात्यात टाकतो आणि कागद सापडेपर्यंत ती तिथे पडून राहते. फिन्सेनचा गुण असाच उचंत खात्यात पडून होता. रोगी बरे झाले हे खरे. का झाले? अतिनील किरणांनी जंतू मारले, असे तो स्वतः समजत होता.

गंमत अशी, की खरा कागद त्याच काळात जर्मनीतल्या म्युनिक शहरात तयार होत होता. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी आपले गुरू फॉन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर एका रंगद्रव्याचा परिणाम तपासत होता. एक दिवस जीव पटापट मरत, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच रंगात जगत. शेवटी त्याच्या ध्यानात आले, की त्या दिवशी आभाळ भरून आले होते, खोलीत उजेड कमी होता. रंग एकटा मारत नव्हता, उजेड एकटा मारत नव्हता. दोघे मिळून मारत होते. १९०० साली हे प्रसिद्ध झाले. पुढे त्यात प्राणवायूही लागतो हे कळले. रंगद्रव्य उजेड झेलते, ती शक्ती जवळच्या प्राणवायूला देते आणि तो असा काही खवळतो, की शेजारची पेशी किंवा जंतू जागच्या जागी नष्ट होतो. १९०३ साली, म्हणजे फिन्सेनच्या नोबेलच्याच वर्षी, टापायनर यांनी कातडीच्या गाठींवर रंग लावून उजेड टाकून पाहिला.

दोन वह्या, दोन गावे. जुळणी व्हायला शंभर वर्षे लागली. मधल्या काळात १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, क्षयाला गोळ्या-इंजेक्शने आली आणि फिन्सेनचे दिवे अडगळीत गेले. २००५ साली डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्याची जुनी भिंगे आणि निळे पाणी तपासले. जंतू थेट मारू शकतील असे अतिनील किरण त्या भिंगांतून पलीकडे जातच नव्हते! मग गुण कशाने आला? क्षयाच्या जंतूंच्या अंगातच पॉरफिरिन जातीचे रंगद्रव्य असते. निळा-जांभळा उजेड ते झेलते आणि जंतूचा स्वतःच्याच रंगाने घात होतो. हेच कारण सर्वांत संभवनीय, असा निष्कर्ष निघाला. ११० वर्षांनी नोंद उचंत खात्यातून योग्य खात्यात गेली. फिन्सेनचे कारण चुकले होते, रोगी बरे झाले होते.

आपल्याकडच्या वैद्यांनाही या व्यवहाराची जाण होती. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचे बी द्यायचे आणि मग उन्हात बसवायचे, ही रीत जुनी आहे. बावचीतले सोरालेन हे द्रव्य उजेड झेलते. १९७४ पासून सोरालेन आणि अतिनील दिवा ही जोडी पाश्चात्त्य वैद्यकातही रूढ झाली. (आपल्या आपण हा प्रयोग करू नये. प्रमाण चुकले तर कातडी भाजून निघते.)

कानाच्या पाळीचा प्रश्न

म्हणजे मुद्दा असा, की उजेड झेलणारे कोणीतरी लागते. नातीच्या कातडीतले पिवळे द्रव्य, जंतूतले पॉरफिरिन, बावचीतले सोरालेन. कर्करोगासाठी असा झेलणारा बाहेरून द्यायचा आणि गाठीवर लाल लेसर टाकायचा, ही उपचारपद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य झाली. १९९३ साली कॅनडाने त्यासाठीच्या पहिल्या औषधाला परवानगी दिली. पण दोन अडचणी उरल्या. औषध साऱ्या अंगात पसरते, त्यामुळे रोग्याला कित्येक आठवडे ऊन वर्ज्य. आणि दुसरी अडचण फिन्सेनच्या कानाच्या पाळीचीच. रक्तामांसातून उजेड खोल जात नाही. लाल उजेडही फार तर सेंटिमीटरभर.

इथे आजचे नॅनोकण येतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असे काही नॅनोमीटरांचे, फार तर शेकडा-दोनशे नॅनोमीटरांचे कण हवा तो उजेड झेलतील अशा बेताने घडवता येतात. चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरलेले उजेडाचे औषध २००० साली म्हातारपणच्या नेत्रपटलाच्या एका विकारासाठी बाजारात आलेही. सोन्याची करणी आणखी वेगळी. सोन्याचा कण एवढा लहान केला, की त्याचा रंग आणि गुण बदलतो. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा आणि रक्तामांसात त्यातल्या त्यात खोल शिरणारा उजेड तो गिळतो आणि तापतो. म्युनिकच्या रंगासारखे प्राणवायूला खवळवणे इथे नाही, इथे आच आहे. पण कूळ एकच.

हे काम दूर परदेशातच चालते असे नाही. पवईच्या आय. आय. टी.मध्ये रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेतला अभिजित डे यांचा गट यांनी मिळून चरबीच्या फुग्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले कण तयार केले. उंदरांच्या गाठीत ते कण, वरून ७५० नॅनोमीटरचा लेसर, आणि गाठ पूर्ण नष्ट. महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम झाल्यावर कण यकृतात मोडतात आणि पित्तावाटे, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. २०१५ साली हे काम ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात आले. २०१९ साली अमेरिकेत सोन्याचे कवच असलेल्या वेगळ्या कणांचा प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १६ पुरुषांवर चाचणीदाखल वापर झाल्याचेही प्रसिद्ध झाले.

इथे मी बँकेतल्या सवयीने हात आखडता घेतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि सोळा म्हणजे सगळे नव्हेत. घरात कर्करोग आला की माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो. घर गहाण ठेवून कर्ज मागायला आलेली माणसे माझ्या टेबलासमोर बसलेली मी पाहिली आहेत. कोणी नॅनो हा शब्द लावून, सोन्याचे नाव घेऊन खात्रीचा उपाय विकू लागला, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. प्रयोगशाळेतली आशा ही मुदत ठेव आहे, मुदतीआधी मोडायची नाही.

तरीही आशा आहे. वर्गात अकरावा आलेला एक मुलगा, स्वतःचे हृदय आवळत चाललेले असताना, इतरांचे चेहरे परत मिळवून देऊन गेला. स्वतःच्या दुखण्यावर त्याला उपाय सापडला नाही आणि आपल्या यशाचे खरे कारणही कळले नाही. पण त्याने मांडलेला प्रश्न, की उजेड नेमक्या जागी, नेमक्या खोलीपर्यंत कसा न्यायचा, तोच प्रश्न आज पवईच्या आणि खारघरच्या टेबलांवर आहे.

नात आता तीन वर्षांची आहे. परवा तिला घेऊन पाचूबंदरला गेलो होतो. बोंबील वाळत होते, मांजर उन्हात पडले होते. सावली आली तसे ते उठून सरकले. नातीने कारण विचारले. मी म्हटले, बाळा, ते त्याला ठाऊक आहे, आपण अजून शोधतो आहोत.